अपघात दिसला तर कॅमेरा नको, आधी ११२ लावा

आमच्या शहापूर तालुक्यातून मुंबई-नाशिक महामार्ग जातो आणि मुरबाडमधून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता. दोन्हीकडे अपघात झाला की गर्दी जमते, मोबाईल वर होतात, पण जखमीला हात लावायला कोणी पुढे येत नाही. का विचारलं, की ठरलेलं उत्तर: "पोलिसांचं लफडं कोण मागे लावून घेणार?"

ही भीती कायद्याने कधीच काढून टाकलीय. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. चांगल्या हेतूने मदत करताना तुमच्याकडून काही राहिलं, अगदी जखमी दगावला, तरी तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्तीही कोणी करू शकत नाही. मदत करणाऱ्याच्या या हक्कांची पाटी हॉस्पिटलच्या दर्शनी भागात मराठीतही लावायची असते. कधी गेलात तर बघा, आहे का!

पहिला एक तास, म्हणजे 'गोल्डन अवर', सगळ्यात महत्त्वाचा. जखमीला त्या तासात हॉस्पिटलमध्ये नेणाऱ्याला 'राहवीर' योजनेत २५ हजार रुपये मिळू शकतात. पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मे २०२५ पासूनची कॅशलेस उपचार योजना: ठरवून दिलेल्या हॉस्पिटलांत सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत उपचार. "पैसे कोण भरणार?" हा प्रश्नच पहिल्या तासात नको.

आता फोनचं बघू. ॲम्ब्युलन्ससाठी १०८ आहेच. पण घाटात तुमच्या सिमला रेंज नसेल तर ११२ लावा. हा आणीबाणीचा नंबर असल्याने दुसऱ्या कंपनीचा टॉवर जवळ असेल तर फोन त्यावरूनही कॉल जोडू शकतो. लॉक स्क्रीनवरूनही लागतो.

जागा कशी सांगायची? जीपीएस थेट सॅटेलाइटकडून सिग्नल घेतं, त्याला इंटरनेट लागत नाही. नकाशाला मात्र लागतं, म्हणून शहापूर-मुरबाडचा ऑफलाइन मॅप घरच्या वायफायवर आधीच डाउनलोड करून ठेवा. तेही नसेल तर जवळचा किलोमीटरचा दगड वाचून सांगा.

आणि हो, बाईक चालवताना हेल्मेटमध्ये फोन खुपसून बोलणाऱ्यांनो, कॉल घ्यायचाच असेल तर गाडी रस्त्याच्या खाली उतरवून थांबवा. धाकट्या भावाला तर चावी देऊच नका: अठरा पूर्ण नसताना त्याने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम १९९-अ नुसार पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, आणि त्याला स्वतःला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.