हैतीच्या ताटात डोंबिवली सापडली!

खरं सांगू? ‘तुमच्याकडचं खास जेवण काय?’ असं कुणी विचारलं की आपण डोंबिवलीकर जरा गडबडतो. ठाणेकरांचं बरं असतं. मामलेदार मिसळ म्हणायचं, स्टेशनजवळच्या कुंजविहारचा जम्बो वडापाव म्हणायचं, विषय संपला. आपण मात्र पोळीभाजी केंद्रांवर येऊन थांबतो. सकाळची 7.50 पकडणाऱ्या गावाचं राष्ट्रीय अन्न म्हणजे डबा, दुसरं काय!

हा प्रश्न मला कुठे विचारला गेला माहितीये? ब्रुकलिनमध्ये. आणि विचारणारी होती हैतीची.

2 नंबरची सबवे आणि सहा टेबलं

2019 साली ऑफिसने मला आठ महिन्यांसाठी न्यूयॉर्कला पाठवलं. टीममधली आमची टेस्टिंग लीड हैतीची. जन्म पोर्ट-ओ-प्रिन्सचा, पण वाढली फ्लॅटबुशमध्ये. ब्रुकलिनच्या या भागात हैतीची माणसं इतकी की 2018 मध्ये तिथल्या एका पट्ट्याला अधिकृतपणे ‘लिटल हैती’ असं नाव मिळालं. मी रोज दुपारी डेस्कवर कोरडं सँडविच चावतोय हे तिला बघवेना. एका शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर म्हणाली, ‘चल, आज माणसासारखं जेव.’

2 नंबरची सबवे पकडून आम्ही चर्च अव्हेन्यूला उतरलो. हॉटेल कसलं, खानावळच ती. सहा टेबलं, कोपऱ्यात वर टांगलेला टीव्ही, काउंटरमागे कढया आणि त्यामागे एक बाई. त्या बाईंना सगळेच मावशी म्हणत असावेत अशा थाटात त्या वावरत होत्या. मेन्यूकार्ड दिलं, पण वाचू दिलं नाही. ‘पहिल्यांदा आलाय ना? मग मी देते ते खायचं.’ ही भाषा तर आपली ओळखीची!

ताट आलं. ग्रियो, म्हणजे आंबट संत्र्याच्या रसात मुरवून, आधी शिजवून मग कडक तळलेले डुकराच्या मांसाचे तुकडे. सोबत बनान पेझे. कच्च्या केळ्याच्या मोठ्या भावाचे जाड काप एकदा तळायचे, दाबून चपटे करायचे आणि पुन्हा तळायचे. राजम्यासारखे दाणे घालून शिजवलेला भात. आणि बाजूला एका वाटीत पिकलीझ! कोबी, गाजर आणि स्कॉच बॉनेट नावाची जहाल मिरची व्हिनेगरमध्ये मुरवलेली. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्या घासाला घर आठवलं. तिखट खाऊन रडायला मी चार महिने आसुसलो होतो राव!

आमच्या घरात अंडंसुद्धा गॅलरीतल्या वेगळ्या स्टोव्हवर उकडायचं. नॉनव्हेज शिकलो ते कॉलेजात, चायनीजच्या गाडीवर. त्यामुळे डुकराचं मांस हा प्रकार माझ्यासाठी नवाच. पण खरं नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. या ताटात परकं असं फारसं नव्हतंच. त्यांची अक्रा म्हणजे आपल्या अळकुडीच्याच नात्यातला कंद किसून केलेली भजी. त्यांचं एपिस म्हणजे हिरवं वाटण: लसूण, मिरची, कांद्याची पात, पार्सली. प्रत्येक घरात बरणी भरून तयार.

मिरची त्यांची, आंबा आपला

याचं कारण इतिहासात आहे. मिरची मूळची अमेरिका खंडांमधली. पेरू, पपई, अननस, काजू, रताळं, भुईमूग, सगळेच तिकडचे. पोर्तुगिजांच्या जहाजांमधून ही मंडळी आपल्या किनाऱ्यावर उतरली. आणि पोर्तुगीज कुठे होते? अहो, आपल्या ठाण्यातच! 1737 साली मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई, तोवर इथे त्यांचंच राज्य होतं. उलट बाजूने आंबा कॅरिबियनला गेला. आपण कोकणात ज्याच्या कापा करतो त्या नीरफणसाचीही तशीच गोष्ट. कॅप्टन ब्लायने त्याची रोपं ताहितीहून 1793 मध्ये सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला पोहोचवली. मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोटभर खायला घालायला!

गुलामांचा विषय निघाला आणि ती गंभीर झाली. म्हणाली, ‘आमच्याकडे 1 जानेवारीला केक नसतो, भोपळ्याचं सूप असतं.’ त्याचं नाव सूप जूमू. हैती फ्रेंचांची वसाहत होती तेव्हा हे सूप मालकांच्या टेबलावर जायचं. शिजवणाऱ्या गुलामांना ते चाखायची मुभा नव्हती. 1791 मध्ये गुलामांनी उठाव केला, नेपोलियनचं सैन्य हरवलं आणि 1 जानेवारी 1804 ला देश स्वतंत्र झाला. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी घरोघर तेच सूप. 2021 मध्ये युनेस्कोने या सुपाची परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. स्वातंत्र्याची किंमतही वसूल झाली म्हणा. 1825 मध्ये फ्रान्सने ‘आमचं नुकसान भरून द्या’ म्हणत 15 कोटी फ्रँक मागितले. ती रक्कम पुढे कमी झाली, पण तिच्यासाठी काढलेली कर्जं फिटायला 1947 उजाडलं.

मी गप्प. सूप पिताना असा इतिहास कोण सांगतं?

मग तिने तो प्रश्न विचारला. ‘तुझ्या गावचं जेवण काय?’

‘वडापाव,’ मी म्हणालो.

‘ते शहराचं झालं. शहर यायच्या आधी तिथे जी माणसं राहत होती, ती काय खायची?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीस वर्षं डोंबिवलीत काढली होती मी.

बोर्डावर मालवणी, आत आगरी

परत आलो, लॉकडाऊन झाला, लग्न झालं, कल्याण-शीळ रोडवरच्या एका कॉम्प्लेक्समध्ये फ्लॅट घेतला. प्रश्न तसाच डोक्यात. उत्तर मात्र रोज खिडकीतून दिसत होतं. टॉवरांच्या मधे अडकलेली कौलारू घरं, देऊळ, लग्नाच्या हळदीला रात्रभर वाजणारा बेंजो. मानपाडा, निळजे, काटई, भोपर, आयरे... डोंबिवली म्हणजे आधी ही गावं, आगऱ्यांची. ‘आगर’ म्हणजे मिठागर. मीठ पिकवणारे, खाडीकाठी भात लावणारे ते आगरी. माझ्या वर्गात आगरी मुलं होती, त्यांच्या हळदीत मी नाचलोही आहे. पण त्यांच्या घरी रोज काय शिजतं हे मी कधी विचारलं नव्हतं.

शेवटी एका रविवारी बाइक काढली. रस्त्याला लागून एक खानावळ आहे, जाता-येता शंभरदा पाहिलेली. नाव देत नाही, कारण तिथेही टेबलं सहाच आहेत आणि मला जागा मिळायला हवी! बोर्डावर लिहिलंय ‘मालवणी’. आत गेलो, मालवणी थाळी मागितली. काउंटरवरच्या मावशी हसल्या. ‘मालवनी नाय रं पोरा. आमी आगरी.’

मग बोर्डावर मालवणी का? उत्तर त्यांच्या मुलाने दिलं. ‘सर, आगरी लिहिलं तर गाडी कोण थांबवणार? मालवणी म्हटलं की लोकांना कळतं.’

मेन्यूकार्ड इथेही होतं, आणि इथेही ते मला वाचू दिलं नाही.

आधी आली तांदळाची भाकरी. हातावर थापलेली, पांढरीशुभ्र, पापुद्रा सुटलेली. मग चिंबोरीचं कालवण, घरच्या मसाल्याने लालभडक. बोंबील फ्राय, बाहेरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा. आणि एका वाटीत सुकट, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, कांदा आणि आंबट घालून परतलेली. वास थेट नाकात घुसला. मी थबकलो. मावशी बघत होत्या. ‘वास येतो ना? खाऊन बग.’

खाल्लं. खारट, आंबट, तिखट, सगळं एकदम. डोळ्यांत पाणी! चर्च अव्हेन्यूची ती वाटी आठवली. तिकडे खारवलेला मासा बेटांवर पोहोचला तो गुलामांचं स्वस्त रेशन म्हणून, आज तो सणाच्या जेवणातही असतो. इकडे सुकी मासळी म्हणजे पावसाळ्याची बेगमी. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते तेव्हा हीच घर चालवते. गरज म्हणून साठवलेलं पुढे कधीतरी आवडीचं होतं, दोन्हीकडे.

कितव्या माल्यावर?

गर्दी ओसरल्यावर मावशी समोरच्या खुर्चीत येऊन टेकल्या. ‘ऱ्हायला कुठं?’

मी कॉम्प्लेक्सचं नाव सांगितलं.

‘तिथं आमचं भात व्हायचं,’ त्या म्हणाल्या. असंच, हवापाण्याविषयी बोलावं तसं. मला पुढे काय बोलावं सुचेना. गृहकर्जाचे हप्ते, कार्पेट एरिया, क्लबहाउस हे सगळं डोळ्यांसमोरून गेलं. त्यांनीच मला सोडवलं. ‘कितव्या माल्यावर?’

‘चौदाव्या.’

‘मंग खाडी दिसत असंल!’

दिसते. पावसाळ्यात तर फार सुंदर दिसते. त्या खाडीत पूर्वी निवट्या, कोळंबी, चिंबोऱ्या मुबलक मिळायच्या, मावशींचे सासरे स्वतः पकडून आणायचे. आता मुलगा पहाटे उठून भाऊच्या धक्क्यावर जातो. खाडीचं पाणी कसं झालंय हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको. आणि भाकरीचे तांदूळ? ‘दुकानातून,’ मावशी म्हणाल्या. ‘आमचा तांदूल आता कुठला?’

जमिनीचे पैसे मिळाले नाहीत का? मिळाले. घर झालं, गाडी आली, दोन मुलींची लग्नं झाली. उरलेल्यातून ही खानावळ. मावशी रडगाणं गात नव्हत्या, हे मुद्दाम सांगतो. मुलाला आता मेन्यूत पनीर चिली आणि हक्का नूडल्स आणायचे आहेत, त्यावरून मायलेकांचं रोज वाजतं. ‘नवीन बिल्डिंगवाले तेच मागतात,’ हे त्याचं म्हणणं. नवीन बिल्डिंगवाला मीच! मी पटकन आणखी एक भाकरी मागवली.

ब्रुकलिनच्या माणसांनी आपला देश मागे सोडला आणि त्याची चव सोबत नेली. इथे मावशी कुठेही गेल्या नाहीत. गाव जागच्या जागी राहिलं आणि आजूबाजूला आपण येऊन बसलो. तरी दोघींकडे हातात उरलं ते एकच, स्वयंपाक. फरक एवढाच की हैतीवाल्या बाईंच्या बोर्डावर हैतीचं नाव ठसठशीत होतं.

गेल्या महिन्यात न्यूयॉर्कला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ, इकडे मी खानावळीत. कॅमेरा ताटावर धरला. ‘तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हे आमच्या गावचं जेवण.’ मग जीभ अडखळली. ‘म्हणजे, मावशींच्या गावचं. मी तिथे राहतो.’

ती हसली. म्हणाली, ‘त्या बाईंना दाखव ना.’ मी फोन फिरवला. मावशींनी पदराला हात पुसले, स्क्रीनकडे बघितलं आणि तिला थेट मराठीत विचारलं, ‘जेवलीस का गं?’

जायचंय? मग हे लक्षात ठेवा

कधी : रविवारी दुपारी साडेबाराच्या आत. बुधवार, शुक्रवारही चांगले. श्रावणात बऱ्याच खानावळी थंड असतात.

काय मागवाल : तांदळाची भाकरी मस्ट. चिंबोरीचं कालवण, बोंबील फ्राय, गावठी कोंबडी. पहिल्यांदा जात असाल तर सुकट अर्धी वाटीच घ्या. दुसऱ्यांदा तुम्हीच पूर्ण मागाल.

पावसाळ्यात : ताज्या मासळीचा हट्ट नको, सुक्याची मजा घ्या.

सगळं एका जागी : डोंबिवलीत हिवाळ्यात आगरी महोत्सव भरतो, तेव्हा खाण्याच्या स्टॉलवर पोट रिकामं ठेवूनच जा.

आणि एक : बोर्डावर काहीही असो, आत गेल्यावर विचारा, ‘आगरी काय आहे आज?’ चारजणांनी विचारलं तर बोर्ड बदलेलही!