वांटलेलें गणित आणि गांवची शाळा

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें निघालें कीं दौंड तालुक्यांत पाटस लागतें. येथें भीमा सहकारी साखर कारखाना आहे. एकच काम अनेक संगणकांत वांटून देण्याच्या पद्धतीस वितरित संगणन म्हणतात. हा विषय अवघड वाटतो खरा. परंतु तो समजून घेण्यास उसाच्या गळीत हंगामासारखा दृष्टांत नाहीं.

हजारों एकरांचा ऊस एक टोळी तोडूं शकत नाहीं. कारखान्याचें शेतकी खातें तोडणीची पाळी ठरवितें, मुकादमांच्या टोळ्या निरनिराळ्या फडांत शिरतात, आणि सर्व ऊस कारखान्याच्या वजनकांट्यावर येतो. एखादी टोळी अडली तर तिचा फड दुसरीकडे देतात. गव्हाण रिकामी राहूं देत नाहींत. वितरित संगणनाचें तत्त्व हेंच: कामाचे तुकडे करणें, ते वांटणें, उत्तरें एकत्र आणणें आणि एक यंत्र बंद पडलें तरी काम चालूं ठेवणें. त्याची मर्यादाहि येथेंच दिसते. तोडलेला ऊस वाटेंत पडून राहिला तर साखरेचा उतारा घटतो. तसेच यंत्रायंत्रांतील निरोप रेंगाळले, तर वांटणीचा लाभ नाहींसा होतो.

या विद्येचें एक पीठ पुण्यांतच आहे. १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. एका अतिवेगवान यंत्राऐवजीं अनेक प्रक्रियकांना एकत्र राबवून तो घडविला होता. पुढें याच संस्थेनें ‘गरुड’ नामक जाळ्यानें १७ शहरांतील संशोधन व शिक्षणसंस्था जोडल्या. अमेरिकेंत बर्कली येथील विद्यापीठाच्या एका उपक्रमांत तर १९९९ ते २०२० या काळांत घरोघरच्या संगणकांनीं फावल्या वेळांत आकाशांतून आलेले रेडिओ-संकेत तपासले.

मग पाटसच्या विद्यार्थ्यास याचा उपयोग काय? २०१७ सालीं केंद्र सरकारनें सुरू केलेल्या ‘दीक्षा’ या व्यवस्थेंत पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडवरून धडे उघडतात. अशा वेळीं लाखों मुलें एकाच यंत्राच्या दारीं आलीं तर तें कोलमडेल. म्हणून मोठ्या जाळ्यांत धड्यांच्या प्रती अनेक यंत्रांवर ठेवतात व प्रत्येक मागणी जवळच्या किंवा मोकळ्या यंत्राकडे वळवितात. हीच कल्पना शाळेपर्यंत न्यावी. शाळेंतील एका संगणकावर रात्रीं, गर्दी कमी असतां, धडे उतरवून ठेवावे. सकाळीं मुलांनीं ते तेथूनच पाहावे. मग बाहेरची तार तुटली तरी वर्ग थांबत नाहीं.

ही केवळ सोयीची गोष्ट नव्हे. २०२० सालीं शाळा बंद झाल्या, तेव्हां ज्या घरीं मोबाईल नव्हता त्या घरचें मूल वर्गाबाहेर राहिलें. उणीव दूरच्या महायंत्रांची नव्हती. ती शेवटच्या उंबरठ्यावर होती.

तथापि सर्वच कामें वांटतां येत नाहींत. रस निघाल्यावांचून साखर होत नाहीं. अपूर्णांक समजल्यावांचून त्रैराशिक कळत नाहीं. कोणतें मूल कोठें अडलें हें ओळखून त्यास पुढची पायरी दाखविणें, हें काम शिक्षकाचेंच. यंत्रांनीं ओझें वांटून घ्यावें तें त्याला याकरितां अवसर मिळावा म्हणून. तेव्हां शिक्षणाची नवी योजना पुढें आली, कीं महायंत्र किती मोठें हें विचारण्यापूर्वीं, तार तुटलेल्या दिवशीं शेवटच्या बाकावरील मुलापर्यंत काय पोंचेल, हें विचारावें.