उद्या खुर्चीवर बसायची वेळ आली तर?

अमेरिकेत दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होते. त्या वेळी मतपत्रिकेवर नावे जोडीने छापलेली असतात. पहिले नाव राष्ट्राध्यक्षाच्या उमेदवाराचे, दुसरे उपाध्यक्षाच्या उमेदवाराचे. मत द्यायचे ते जोडीला. पहिला पसंत आहे पण दुसरा नको, असे मतदाराला म्हणता येत नाही.

आणि पुष्कळदा वाद होतो तो या दुसऱ्या नावावरूनच. हा माणूस त्या मोठ्या जागेला पुरा पडेल का? उद्या वेळ आली तर देश सांभाळील का? वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. घराघरांत नवरा एक बोलतो, बायको दुसरे बोलते.

परक्या देशातला हा वाद आपण कशाला समजून घ्यायचा, असे कोणी म्हणेल. पण माणूस पारखावा कसा, हा प्रश्न मत देणाऱ्या प्रत्येकाला पडतो. म्हणून तिकडे लोकांनी तो कसा सोडवायचा प्रयत्न केला, ते पाहू या.

आधी उपाध्यक्षाचे काम काय ते बघा. अमेरिकेच्या कायदेमंडळाच्या वरच्या सभागृहाला सिनेट म्हणतात. तिथे अध्यक्षस्थानी बसण्याचा मान उपाध्यक्षाचा. पण त्याला मत नाही. दोन्ही बाजूंची मते सारखी पडली, तरच त्याने आपले मत द्यायचे. बाकी काम राष्ट्राध्यक्ष देतील तेवढे. पहिले उपाध्यक्ष जॉन अॅडम्स यांनी बायकोला पत्रात लिहिले होते की, माणसाला सुचू शकेल असे सर्वांत बिनमहत्त्वाचे पद देशाने मला दिले आहे.

मग एवढा वाद कशाला? तर राष्ट्राध्यक्ष मरण पावला, त्याने राजीनामा दिला किंवा त्याला काढून टाकले, म्हणजे उपाध्यक्षच राष्ट्राध्यक्ष होतो. नवी निवडणूक नाही. उरलेली सगळी मुदत त्याची. सकाळी ज्याला काम नव्हते, त्याच्या हाती संध्याकाळी सारे सैन्य, सारा कारभार येतो.

असे कितीदा घडावे? २०२५ सालापर्यंत अमेरिकेत ४५ माणसे राष्ट्राध्यक्ष झाली. त्यांतले आठ जण पदावर असताना गेले. चौघे आजाराने, चौघे मारेकऱ्याच्या गोळीने. नववे रिचर्ड निक्सन. त्यांनी १९७४ साली राजीनामा दिला. नऊ वेळा उपाध्यक्षाला खुर्चीवर बसावे लागले. दर पाच राष्ट्राध्यक्षांमागे एकदा, असा हिशेब होतो.

आपल्याकडे तसे नाही. भारताच्या उपराष्ट्रपतींची निवड वेगळी होते. संसदेचे सभासद ती करतात. राष्ट्रपती वारले, तर उपराष्ट्रपती फक्त काही काळ काम पाहतात आणि सहा महिन्यांच्या आत नवा राष्ट्रपती निवडावा लागतो. १९६९ साली डॉ. झाकिर हुसेन वारले, तेव्हा व्ही. व्ही. गिरी यांनी असे काम पाहिले. शिवाय आपला खरा कारभार पंतप्रधान व मंत्रिमंडळ चालवते. अमेरिकेत तो राष्ट्राध्यक्ष चालवतो. म्हणून तिकडे दुसऱ्या नावाची एवढी काळजी.

आता खरी मेख सांगतो. उपाध्यक्षाचा उमेदवार निवडतात एका कामासाठी, आणि त्याची गाठ पडते दुसऱ्याच कामाशी. निवडतात मते मिळवण्यासाठी. पहिला उत्तरेचा असेल, तर दुसरा दक्षिणेचा घ्या. पहिला म्हातारा असेल, तर दुसरा तरुण घ्या. असा तोल साधला की पक्षाची माणसे खूश. पण मतांचा तोल साधणारा माणूस राज्याचा तोल सांभाळील, हे कोणी सांगावे?

१८६४ सालचे उदाहरण घ्या. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध चालू होते. दक्षिणेतल्या राज्यांना गुलामगिरी ठेवायची होती. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन उत्तरेचे. त्यांच्या जोडीला अँड्र्यू जॉन्सन हे दक्षिणेतले गृहस्थ घेतले. ते विरोधी पक्षातले होते, पण देश फोडायच्या विरुद्ध होते. तोल उत्तम साधला.

हे जॉन्सन शाळेची पायरी कधी चढले नाहीत. लहानपणी ते शिंप्याच्या हाताखाली राबले. वाचायला तिथेच शिकले. लिहिणे व हिशेब त्यांना पुढे बायकोने शिकवले. मग ते गावचे नगराध्यक्ष झाले, कायदेमंडळात गेले, राज्याचे गव्हर्नर झाले, सिनेटर झाले. अनुभव म्हणाल, तर त्यांच्याएवढा थोड्यांनाच होता.

उपाध्यक्ष होऊन सहा आठवडे झाले, तोच एप्रिल १८६५ मध्ये लिंकन यांचा खून झाला. जॉन्सन खुर्चीवर बसले. त्या वेळी चाळीस लाखांच्या आसपास गुलाम नुकतेच मोकळे होत होते. त्यांना कायद्याचा आधार हवा होता. १८६६ साली कायदेमंडळाने त्यांच्या नागरी हक्कांचा कायदा केला. जॉन्सन यांनी तो नाकारला. गोऱ्यांच्या राज्यात काळ्यांना बरोबरीचा हक्क त्यांना नकोच होता. कायदेमंडळाने त्यांना न जुमानता कायदा पुन्हा मंजूर केला. पुढे १८६८ साली त्यांच्यावर खटला झाला. सिनेटमध्ये एका मताने ते वाचले. शाळा शिकले नाहीत, हा त्यांचा दोष नव्हे. आमच्या मते तो त्यांचा मोठेपणाच. स्वतः गरिबीतून वर आले, पण आपल्याहून खाली दडपलेल्या माणसासाठी त्यांच्या मनात जागा नव्हती. ती गोष्ट अनुभवाच्या यादीत कुठे लिहिलेली नसते.

उलटे उदाहरण चेस्टर आर्थर यांचे. हे न्यूयॉर्कच्या बंदरावर जकात खात्याचे मोठे अधिकारी होते. ते खाते म्हणजे वशिल्याचे आगर. पक्षाच्या माणसांना नोकऱ्या तिथूनच मिळत. १८७८ साली राष्ट्राध्यक्षांनी त्यांना त्या जागेवरून काढले. लोकांनी निवडून दिलेल्या पदावर ते कधीच बसले नव्हते. तरी १८८० साली पक्षातला एक गट खूश राहावा, म्हणून त्यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी दिली. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना, नोकरी न मिळाल्याने रागावलेल्या एका माणसाने गोळी घातली. लोकांनी कपाळाला हात लावला. पण याच आर्थर यांनी १८८३ साली, सरकारी नोकऱ्या परीक्षा घेऊन द्याव्या, अशा कायद्यावर सही केली. वशिल्याच्या माणसानेच वशिल्यावर कुऱ्हाड घातली!

हॅरी ट्रूमन यांची हकीकत अधिक सावकाश सांगण्यासारखी आहे. ट्रूमन मिझूरी राज्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. कॉलेजची पदवी नाही. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात कॅप्टन होते. परत येऊन पुरुषांच्या कपड्यांचे दुकान काढले, ते बुडाले. त्याचे कर्ज ते पुढे कित्येक वर्षे फेडत होते. १९३५ साली ते सिनेटर झाले. लढाईच्या खर्चात उधळपट्टी कुठे होते, हे शोधणाऱ्या समितीचे काम त्यांनी चोख केले.

१९४४ साली राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट चौथ्यांदा उभे राहिले. त्यांची प्रकृती ढासळली होती. जवळच्या माणसांना ते दिसत होते. तरी उपाध्यक्ष निवडताना कोणता माणूस कमीत कमी लोकांना खुपेल, हेच प्रामुख्याने पाहिले गेले. कामगार नाराज नकोत, दक्षिणेतले पुढारी नाराज नकोत. असे करता करता ट्रूमन यांच्यावर बोट आले.

जानेवारी १९४५ मध्ये त्यांनी शपथ घेतली. ८२ दिवस गेले. १२ एप्रिलला संध्याकाळी त्यांना तातडीने राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी, व्हाइट हाउसमध्ये बोलावणे आले. तिथे रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर यांनी सांगितले की, राष्ट्राध्यक्ष गेले. ट्रूमन म्हणाले, मी आपल्यासाठी काही करू का? त्या बाई म्हणाल्या, आम्ही तुमच्यासाठी काय करू ते सांगा, संकट आता तुमच्यावर आहे.

संकट कसले होते? युरोपात आणि पॅसिफिक महासागरात लढाई चालू होती. सरकार गुप्तपणे अणुबाँब तयार करीत होते. देशाच्या उपाध्यक्षाला त्याची नीट माहितीच नव्हती! शपथ झाल्यावर युद्धमंत्र्यांनी त्यांच्या कानावर थोडे घातले. सगळी हकीकत २५ एप्रिलला सांगितली. ऑगस्टमध्ये हिरोशिमा व नागासाकी या जपानी शहरांवर बाँब पडले. तो निर्णय योग्य होता की अघोरी, यावर जगात अजून वाद आहे. एवढे खरे की, ज्याने तो घेतला त्याला विचार करायला चार महिनेसुद्धा मिळाले नव्हते.

ट्रूमन यांनी पुढे कारभार धीराने केला. लढाईने उद्ध्वस्त झालेल्या युरोपला मदत दिली. सैन्यात काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवण्याची चाल बंद करण्याचा हुकूम १९४८ साली काढला. म्हणजे दुकान बुडालेला माणूस देश चालवू शकला. पण त्याला अंधारात ठेवले, हा दोष कोणाचा? तयारी एकट्या उमेदवाराची नसते. पहिल्या खुर्चीवरच्या माणसाने दुसऱ्याला तयार करावे लागते. पुढे १९४९ साली कायदाच झाला आणि देशाच्या सुरक्षिततेचा विचार करणाऱ्या मंडळात उपाध्यक्षाला जागा मिळाली.

टेलिव्हिजन आल्यावर हा वाद लोकांच्या डोळ्यांसमोर होऊ लागला. १९७६ साली उपाध्यक्षपदाचे दोन उमेदवार प्रथमच टेलिव्हिजनवर समोरासमोर उभे राहिले. १९८८ साली डॅन क्वेल या ४१ वर्षांच्या सिनेटरना प्रतिस्पर्ध्याने सगळ्यांदेखत गप्प केले. क्वेल म्हणाले, केनेडी राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा त्यांना होता तेवढा अनुभव मलाही आहे. समोरचे वृद्ध लॉइड बेंटसन म्हणाले, केनेडींना मी ओळखत होतो, तुम्ही केनेडी नव्हे. सभा दणाणली. पण निवडणूक क्वेल यांच्याच जोडीने जिंकली. लोक मत देतात ते पहिल्या नावाकडे पाहून.

सगळ्यांत गाजला तो २००८ सालचा वाद. रिपब्लिकन पक्षाचे जॉन मॅकेन यांनी २९ ऑगस्टला आपली जोडीदार जाहीर केली. त्याच दिवशी त्यांना ७२ वर्षे पुरी झाली. पूर्वी त्यांना कातडीचा कर्करोगही होऊन गेला होता. जोडीदार होत्या सेरा पेलिन, वय ४४, अलास्का राज्याच्या गव्हर्नर. (आपल्याकडे राज्यपाल नेमतात. तिकडे गव्हर्नर लोक निवडून देतात आणि तोच राज्य चालवतो.) अलास्का विस्ताराने अमेरिकेतले सर्वांत मोठे राज्य, पण वस्ती तेव्हा सात लाखांच्याही आत. पेलिनबाई गव्हर्नर होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. त्याआधी त्या एका लहान गावच्या नगराध्यक्ष होत्या.

झाले, देशभर तोंडाला तोंड लागले. विरोधक म्हणत, "अहो, हिला परराष्ट्राचे काय ठाऊक? म्हाताऱ्याचे काही बरेवाईट झाले तर?" बाजूचे म्हणत, "तिने राज्य चालवलंय. तुमचे ओबामा तर सिनेटमध्ये जाऊन चार वर्षं झाली नाहीत. ते पहिल्या खुर्चीला चालतात, मग ही दुसऱ्या खुर्चीला का नाही?" हा प्रश्न बिनतोड होता असे आम्हांला वाटते. काही जण मात्र असेही विचारीत की, पाच मुलांची आई एवढे काम कसे करणार? पुरुष उमेदवाराला मुले किती, हे कोणी विचारले नव्हते. तो वाद लायकीचा नव्हेच.

पण खरी अडचण पुढे आली. पत्रकारांनी मुलाखती घेतल्या. परराष्ट्राचा अनुभव विचारला, तेव्हा बाईंनी रशिया अलास्काला किती जवळ आहे ते सांगितले. एका मुलाखतीत केटी कुरिक यांनी विचारले, आपण कोणती वर्तमानपत्रे वाचता? बाईंनी एकाचेही नाव घेतले नाही. सगळीच वाचते, म्हणाल्या. प्रश्न अवघड नव्हता. आमच्या वर्गातला माणूसही सांगेल की, मी अमुक पेपर वाचतो, आणि रोज जमत नाही.

२ ऑक्टोबरला पेलिनबाई आणि जो बायडेन यांचा वादविवाद झाला. बायडेन १९७३ पासून सिनेटमध्ये. सुमारे सात कोटी लोकांनी तो पाहिला. त्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांचे वादविवादसुद्धा एवढ्या लोकांनी पाहिले नाहीत. बाई अडखळतील अशी पुष्कळांची अटकळ होती. त्या अडखळल्या नाहीत. ठसक्यात बोलल्या. पण काही प्रश्नांना बगल देऊन भलतेच बोलल्या. पुढे त्यांच्याच पक्षाचे कॉलिन पॉवेल, पूर्वीचे परराष्ट्रमंत्री, यांनी सांगितले की, राष्ट्राध्यक्ष होण्याची यांची तयारी नाही आणि उपाध्यक्षाचे काम तर तेच आहे. त्यांनी ओबामांना पाठिंबा दिला. निवडणूक ओबामा व बायडेन यांनी जिंकली. देशाची घसरलेली पत, बंद पडणाऱ्या बँका, ही कारणेही त्यात होतीच.

दुसऱ्या नावाची एकट्याची परीक्षा मात्र १९७३ साली झाली. उपाध्यक्षाने मधेच राजीनामा दिला होता. १९६७ सालच्या घटनादुरुस्तीप्रमाणे अशा वेळी राष्ट्राध्यक्षाने नाव सुचवायचे आणि दोन्ही सभागृहांनी ते मान्य करायचे. निक्सन यांनी जेराल्ड फोर्ड यांचे नाव सुचवले. निक्सन स्वतः गैरप्रकारांच्या चौकशीत सापडले होते. आपण उपाध्यक्ष निवडतो आहोत की पुढचा राष्ट्राध्यक्ष, हे सभासद ओळखून होते. फोर्ड यांची कसून चौकशी झाली. एकाने विचारले, राष्ट्राध्यक्षाने राजीनामा दिला, तर त्याच्या जागी आलेला माणूस त्याच्यावरचा खटला थांबवू शकेल का? फोर्ड म्हणाले, लोक ते खपवून घेतील असे मला वाटत नाही. सिनेटने त्यांना ९२ विरुद्ध ३ मतांनी पसंत केले, खालच्या सभागृहाने ३८७ विरुद्ध ३५ मतांनी.

ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सन गेले आणि फोर्ड राष्ट्राध्यक्ष झाले. पुढच्या महिन्यात ८ तारखेला त्यांनी निक्सन यांना माफी देऊन टाकली. १९७६ साली ते मते मागायला उभे राहिले आणि पडले.