सातपुड्याच्या पायथ्याचे पाणलोट आणि गांजाची चोरटी लागवड

सोनगीरहून आग्रा मार्गाने उत्तरेस गेले म्हणजे तापी ओलांडल्यावर शिरपूर तालुका लागतो. त्याच्या उत्तर अंगास सातपुड्याची रांग आहे. या रांगेतील सरकारी वनजमिनीवर कापूस, तूर, मका यांच्या आड गांजा लावल्याचे प्रकार अलीकडे पोलिसांनी वारंवार उघडकीस आणले आहेत. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यान्वये गुन्हा नोंदला जातो व पीक उपटून नष्ट केले जाते. जमिनीचा विचार मात्र बहुधा तेथेच थांबतो.

गांजा या टापूस नवा नव्हे. ब्रिटिश अमदानीत सातपुड्यापलीकडील निमाडात, खांडव्याच्या आसपास, तो परवान्याने पिकविला जाई. परंतु ती उघड शेतांतील लागवड होती. बंदीनंतर जी लपविणे प्राप्त झाले, ती डोंगराच्या उतारावर गेली, आणि पाणलोटाचा प्रश्न येथूनच उद्भवतो.

सोनगीर-धुळे भागात काळा पाषाण व त्यास छेदणाऱ्या असंख्य भित्ती आहेत. तेथे पाणी मुरण्यास वाव थोडा. याउलट सातपुड्याचा पायथा व तापीकाठची गाळजमीन यांच्यामध्ये दगडगोटे व वाळू यांचा एक पट्टा शिरपूर, चोपडा, यावल, रावेर असा पसरलेला आहे. भूशास्त्रज्ञ त्यास बझाडा म्हणतात. डोंगरातील नाल्यांचे पाणी या पट्ट्यात झपाट्याने जिरते व पुढे केळीबागांच्या विहिरींना मिळते. वरच्या उतारावरील झाडोरा तोडून माती मोकळी केली, की पहिल्या जोरदार सरीबरोबर ती खाली येते आणि गोट्यांमधील फटींत बसते. एकेका तुकड्याचे क्षेत्र लहान असेल. पण बुजलेली फट पुन्हा मोकळी होणे दुष्कर आहे.

कॅलिफोर्नियातील अनुभव येथे उपयोगी पडतो, तथापि जसाच्या तसा नव्हे. तेथील उन्हाळा कोरडा असल्याने चोरटे लागवडदार ओहळाचे पाणी नळ्यांनी वळवितात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार पाणलोटांपैकी तिहींमध्ये पिकाची गरज उन्हाळी प्रवाहाहूनही अधिक ठरू शकते, असे आढळले. उंदीर मारण्याच्या विषांचे अंश तेथील वन्य प्राण्यांच्या शरीरांतही सापडले आहेत. खानदेशात पीक मुख्यतः पावसाळ्यात वाढते. म्हणून येथे पाण्याच्या चोरीपेक्षा मातीची धूप हीच मोठी हानी मानली पाहिजे.

उपायांचा क्रमही त्यावरूनच ठरतो. प्रथम खते व औषधे यांचे डबे, नळ्या, प्लास्टिक हलवावे. पावसाने ते नाल्यात गेल्यावर काही करता येत नाही. त्यानंतर माथ्याकडून पायथ्याकडे समतल चर, घळींत सैल दगडांचे बांध व गवताची पेरणी. रोपे लावण्याची घाई मात्र करू नये. साग, पळस, अंजन यांचे बुंधे जिवंत असतील तर त्यांस फुटवे येतात, आणि चराई व कुऱ्हाड थांबविली तर हे वन बाहेरच्या रोपांहून अधिक टिकते. सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून शिरपूर तालुक्यात नाले खोल करून बंधारे बांधण्याची जी पद्धत रूढ केली, तिचा लाभ सर्वश्रुत आहे. परंतु वरचा उतार उघडा राहिला तर तेच नाले गाळाने भरतात.

राखण कोणी करावी, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसल्या जाणाऱ्या जमिनीवर आदिवासींचा हक्क मान्य होऊ शकतो. गांजाचा तुकडा व पावरा किंवा भिल्ल कुटुंबाचे हक्काचे शेत यांत गल्लत झाली, तर पुनरुज्जीवनाच्या नावाखाली निरपराधांची जमीन जाईल. साक्री तालुक्यातील बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने स्वतःच नियम करून सुमारे ४४५ हेक्टर जंगल राखले. तसा गाव पाठीशी असल्यास काम टिकते. उपटलेल्या पिकाचे बी जमिनीत पडून राहते व पुढील पावसाळ्यात उगवते. तेव्हा आषाढात त्या घळीपर्यंत चालत जाऊन ती रोपे काढणारी माणसे लगतच्या पाड्यांवरचीच असणार.