खड्डे घेण्याचे मशीन आणि आपली जमीन



दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर आम्ही कार्यक्षेत्राच्या वरच्या अंगाच्या एका गावात पूर्वहंगामी लागणीची पाहणी करीत होतो. तेथे एका सभासदाचे बांधाकडेने तारेच्या कुंपणाचे काम चालले होते. रानडुकरांनी तोडीला आलेला ऊस निम्मा आडवा केला होता, म्हणून त्यांनी पेट्रोलवर चालणारे, हातात धरून खड्डे घेण्याचे मशीन भाड्याने आणले होते. खालच्या काळ्या रानात सकाळपासून भराभर खड्डे पडत होते. आम्ही बांधावर उभे राहून पाच मिनिटे कौतुकाने पाहिले, बेणे प्रक्रियेविषयी चार शब्द बोललो आणि पुढच्या गावाला निघून गेलो.

दुपारी तेच मशीन वरच्या मुरमाड कोपऱ्यात गेले. पाते दगडात अडकून जागच्या जागी थांबले आणि वरचे इंजिन गरकन उलटे फिरले. सभासदाने दोन्ही हात ताठ करून मुठी धरल्या होत्या. डाव्या हाताचे मनगट मोडले. तोडणीची टोळी फडात आली तेव्हा मालक हात गळ्यात बांधून बांधावर बसून होता.

ही गोष्ट आमच्या मनाला लागून राहिली, कारण आम्ही ते मशीन चालताना पाहिले होते आणि एक शब्दही बोललो नव्हतो. खरे सांगायचे तर आम्हालाही माहिती नव्हती. आम्ही शेतकी पदविका घेतली तेव्हा खड्डा म्हणजे टिकाव, पहार आणि पाटी एवढेच आम्हाला ठाऊक. नंतर आम्ही मशीनचे माहितीपत्रक नीट वाचले, एक मशीन मागून घेतले आणि आपल्या कार्यक्षेत्रातल्या चार प्रकारच्या जमिनींत ते स्वतः चालवून पाहिले. तो अनुभव येथे देत आहोत.

पहिली गोष्ट म्हणजे हिसका का बसतो ते समजून घ्यावे. वरून पाहिले असता पाते घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते. ते मोकळे फिरत असते तोवर सगळा जोर मातीत जातो. पाते दगडात किंवा मुळीत अडकले की तोच जोर उलटून मशीनवर आणि आपल्या हातांवर येतो. डाव्या हाताची मूठ आपल्या अंगावर येते आणि उजव्या हाताची दूर ओढली जाते. हे इतक्या पटकन होते की ‘रेस सोडतो’ म्हणेपर्यंत व्हायचे ते होऊन जाते. म्हणून आधीपासूनच उभे नीट राहायचे. पाय फाकवून जमिनीवर घट्ट रोवावेत, कोपरे वाकवून अंगालगत ठेवावीत आणि डाव्या बाजूची दांडी डाव्या मांडीला टेकवून धरावी. म्हणजे हिसका मनगटावर न येता मांडीवर येतो. अंगठे दांडीभोवती वळवून मूठ बंद ठेवावी. काही मशीनना मांडीच्या दाबाने लागणारा ब्रेक असतो. दोन पैसे जास्त गेले तरी भाड्याने घेताना तसलेच मशीन मागावे.

दोन माणसांचे मशीन एकट्याने उचलू नये, आणि रेस कोणाच्या हातात राहणार हे सुरू करण्याआधीच ठरवावे. पाते मातीत घुसत नाही म्हणून मशीनवर पोरगा उभा करायचा प्रकार आम्ही एका ठिकाणी पाहिला. त्या पोराच्या बापाला आम्ही काय बोललो ते येथे छापण्यासारखे नाही.

मशीन घेताना आणखी एक परीक्षा करावी. इंजिन चालू करून रेस पूर्ण सोडावी. पाते फिरायचे थांबले पाहिजे. नुसत्या मंद चालीवरही पाते फिरत राहिले तर ते मशीन भाडे न देता परत पाठवावे.

आता जमिनीकडे वळू.

काळी भारी जमीन आपल्याकडे सर्वांत जास्त आहे आणि मशीनला ती वरवर सोपी वाटते. पण तिचा सगळा खेळ वाफशावर आहे. ओल जास्त असेल तर पाते स्क्रूसारखे सरळ आत उतरत जाते, माती पात्याच्या वेढ्यांत गच्च बसते, आणि मग मशीन वर ओढता ओढता कंबर धरते. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी खड्डे घ्यायला गेलेल्या तिघांची पाती रुतून बसलेली आम्ही पाहिली आहेत. उलट उन्हाळ्यात ही जमीन तडकून दगडासारखी होते. पाते भेगेत घसरते आणि मशीन एका अंगाला पळते. म्हणून मूठभर माती घेऊन लाडू वळावा आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाकावा. लाडू फुटून मोकळा झाला तर वाफसा आहे, मशीन घालावे. चपटा होऊन तसाच राहिला तर घरी जावे. लाडू वळतच नसेल तर हलके पाणी देऊन वाफशाची वाट पाहावी.

वाफसा असला तरी एका दमात दोन फूट खाली जायचे नाही. वीतभर खाली जावे, मशीन फिरते ठेवून वर उचलावे, माती झटकली गेली की पुन्हा खाली जावे. वेळ थोडा जास्त लागतो, पण पाते रुतत नाही.

याच काळ्या जमिनीत आणखी एक नुकसान होते. ते हातापायाचे नाही, झाडाचे आहे. ओलसर असताना घेतलेल्या खड्ड्याची भिंत पात्याने घासून गुळगुळीत होते, जणू कुंभाराने सारवलेली. अशा खड्ड्यात लावलेल्या रोपाची मुळी बाहेर न जाता कुंडीत फिरावी तशी गोल फिरत राहते, आणि पाणीही निचरत नाही. रोप लावण्यापूर्वी खुरप्याने किंवा पहारीच्या टोकाने भिंत चारी बाजूंनी खरवडून घ्यावी. आंबा किंवा नारळ लावायचा असेल तर त्याला मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा लागतो. १२ इंची भोक त्याला पुरत नाही. तेथे वीतभर अंतर सोडून चार-पाच भोके घ्यावीत आणि मधली माती टिकावाने काढावी. भोकाला भोक भिडवून घेतले तर पाते शेजारच्या भोकात घसरते.

मुरमाड जमिनीत वर हातभर माती दिसते आणि खाली काय आहे ते सांगता येत नाही. अपघात तेथेच होतात, कारण सकाळी काळ्या रानात हात सैल पडलेले असतात. खोडव्याला पहारीने खत द्यायची आपल्याला सवय आहे. तीच पहार येथे कामाला येते. प्रत्येक खड्ड्याच्या जागी आधी पहार दोन-तीन ठिकाणी मारून पाहावी. ठण्ण आवाज आला की खांबाची जागा हातभर सरकवावी. कुंपणाची रेघ थोडी वाकडी झाली म्हणून डुकरे आत येत नाहीत. मुरमात मोठ्या पात्याचा हट्टही नको. ६ इंची पात्याने, निम्म्या रेसवर भोक घ्यावे आणि लागेल तेवढे पहारीने रुंद करावे. बांधावर पूर्वी बाभूळ किंवा सुबाभूळ असेल तर जमिनीत राहिलेली मुळी दगडापेक्षा वाईट. ती पात्याला वेढा घालून धरते.

पाते अडकलेच तर रेस वाढवून ते सुटत नाही. इंजिन बंद करावे, प्लगची टोपी काढून ठेवावी आणि मग पान्याने पाते उलट्या दिशेला हाताने फिरवून काढावे. इंजिन चालू असताना पात्यापाशी हात, पाय किंवा खुरपे नेऊ नये, मग ते पाते फिरत असो वा नसो.

नदीकाठच्या पोयट्याच्या रानात काम झपाट्याने होते. पण वाळूचा अंश असेल तर भिंत ढासळते, म्हणून खांब लगेच उभा करावा. खारवट, चोपण आणि पाणथळ रानात आमचा सल्ला मशीन न नेण्याचाच आहे. वरची साय वाळलेली दिसते आणि खाली चिखल असतो. पाय घसरला की माणूस चालू मशीनवर पडतो. तेथे खांब रोवायचेच असतील तर कडक उन्हाळ्यात, पहारीने.

जमिनीत आपणच पुरून ठेवलेल्या वस्तूंचा विसर पडतो, हे आणखी एक. विहिरीपासून पेटीपर्यंत मोटारीची केबल, ठिबकची सबमेन, उपसा योजनेची पाइपलाइन हे सगळे बहुधा बांधाकडेनेच गेलेले असते, आणि कुंपणही आपण बांधाकडेनेच घालतो. पाइप फुटला तर भांडण होईल. केबलला पाते लागले तर माणूस जाईल. काम सुरू करण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा, आणि पाइपलाइन टाकताना हजर असलेल्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला रानात आणून रेघ विचारावी. आमच्या अनुभवात ही माहिती कागदावर कोठेच नसते, आजोबांच्या डोक्यात असते. रस्त्याकडेच्या हद्दीत फोनच्या केबली असतात. त्यांची चौकशी करण्यासाठी सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले आहे. घरातल्या शिकलेल्या मुलाला सांगितले तर तो पाहील.

पेट्रोलचे ही मशीन बहुतेक टू-स्ट्रोक असतात. त्यांत तेल किती मिसळायचे ते माहितीपत्रकात असते. भाड्याने देणाऱ्याला विचारून तेवढेच घालावे. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नये, आणि ओतताना पाचटापासून लांब, मोकळ्या जागेवर जावे. थांबल्यावर तापलेले मशीन पाचटावर आडवे टाकू नये. उभ्या उसाच्या कडेला हे विसरलात तर खड्डे राहतील आणि फड जाईल, आणि जळिताचा ऊस किती कमी भावात जातो ते आम्ही सांगायला नको.

अंगावरच्या कपड्यांविषयी. धोतराचा सोगा, गळ्यातला टॉवेल, साडीचा पदर, मोकळी वेणी यांपैकी काहीही फिरत्या पात्यात गुंतू शकते. चपलेवर काम करू नये, बूट घालावेत. डोळ्यांना गॉगल आणि कानांत बोळे असावेत. हातांना मुंग्या येऊ लागल्या की मशीन दुसऱ्याच्या हाती द्यावे. वीस मिनिटांनी पाळी बदलली तर उत्तम.

उघडे राहिलेले खड्डे मात्र आम्हाला रात्री झोप लागू देत नाहीत. टोळीची माणसे पहाटे अंधारात डोक्यावर मोळी घेऊन बांधाने चालतात, त्यांची लेकरे फडाच्या कडेने खेळतात, बैल रात्री दावे सोडून फिरतात. १२ इंची भोकात पाय गेला की तो मोडल्याशिवाय राहत नाही. संध्याकाळी जेवढे खांब उभे होतील तेवढेच खड्डे सकाळी घ्यावेत. राहिलेच तर त्यावर दगडी फरशी ठेवावी. नुसते पाचट टाकून झाकलेला खड्डा उघड्या खड्ड्यापेक्षा जास्त धोक्याचा आहे.

शेती विभागाने गट कार्यालयात मांडीच्या ब्रेकचे एक मशीन ठेवले आहे. नेण्यापूर्वी आमच्यापैकी कोणीतरी तुमच्या रानात येऊन पहार मारून पाहील, त्यासाठी दोन दिवस आधी चिटबॉयकडे निरोप द्यावा. मशीनबरोबर दोन जोड बूट आणि दोन गॉगल मिळतील. गेल्या महिन्यात एक जोड चिखलासकट परत आला, तो धुऊन द्यावा ही विनंती.