नागऱ्यावरील हिममेघ

गोंदियानजीकच्या नागरा येथील प्राचीन शिवमंदिराच्या आवारातून, पावसाळा सरल्यावर वर पाहिले असता, निळ्या आकाशात पिंजलेल्या कापसासारखे जे शुभ्र तंतू दिसतात, ते जलबिंदूंचे नसून आठ-दहा किलोमीटर किंवा त्याहून अधिक उंचीवरील हिमस्फटिकांचे बनलेले असतात. सूर्यप्रकाश त्यांतून बहुतांशी आरपार येतो. मात्र भूमीची अवकाशाकडे निघालेली उष्णता ते अडवितात, म्हणूनच हवामानाच्या हिशेबात त्यांची नोंद अगत्याची ठरते.

हे काम सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून इन्सॅट-३डी (२०१३) आणि त्यामागून गेलेल्या ३डीआर (२०१६) व ३डीएस (२०२४) या उपग्रहांकडे आले. त्यांवरील उपकरण रात्रंदिवस, सुमारे ११ व १२ मायक्रोमीटर अशा दोन अवरक्त तरंगलांबींवर एकाच स्थळाचे तापमान मोजते. बर्फ १२ मायक्रोमीटरचे प्रारण अधिक शोषत असल्यामुळे, विरळ हिममेघ मध्ये आला की खालच्या उबदार जमिनीचा अंश त्या वाहिनीत कमी पोहोचतो आणि तिचे तापमान कमी भरते. या लहानशा तफावतीवरून डोळ्यांना जेमतेम दिसणारा मेघ हुडकणे, ही मला विज्ञानातील अतिशय सुंदर युक्ती वाटते. दाट मेघात तफावत मावळते. तेथे माथ्याचे तापमानच उंचीचा दाखला देते.

या अवरक्त चित्रांतील एकेक ठिपका सुमारे चार किलोमीटरचा, म्हणजे नागरा गाव एखाद-दुसऱ्या ठिपक्यात मावते. हवामान खात्याची ही चित्रे सर्वांस खुली आहेत. वाचकांनी ती अवश्य पाहावीत, आणि त्यांत जितके शुभ्र तितके थंड, हे ध्यानी ठेवावे.