खोपोलीची सहल : तयारी किती दिवसांची?

धंद्याच्या माणसाने एक दिवस दुकान बंद ठेवणे म्हणजे त्या दिवसाच्या कमाईवर पाणी सोडणे. म्हणून मुलाबाळांना खोपोलीजवळच्या इमॅजिकाला न्यायचे तर तयारी किती आधी करावी, हा प्रश्न पडतोच. आमच्या मते आठवडाभर पुरे.

गोराईचे एस्सेल वर्ल्ड १९८९ ते २०२२ चालले. तिथे सकाळी मनात आले की बोट धरून जाता येई. उलट फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये लोक जेवणाचे टेबलसुद्धा ६० दिवस आधी राखून ठेवतात. २०१३ साली सुरू झालेले इमॅजिका या दोहोंच्या मधले. तिकिटावर तारीख असते, वारानुसार दर बदलतो, वॉटर पार्कचे तिकीट वेगळे.

खरा विचार तारखेचा करावा. शनिवार-रविवारी आणि शाळांच्या सुट्टीत निम्मा दिवस रांगेतच जातो. मालेगावसारख्या गावी यंत्रमागांची सुट्टी शुक्रवारी असते, ती कारागिरांनी साधावी. मात्र जुम्याची नमाज कोठे पढायची ते निघण्याआधीच ठरवावे. ईदच्या दुसऱ्या दिवशी जायचे असेल तर चाँद दिसण्याआधी पैसे भरू नयेत, नाहीतर तारीख चुकायची! पावसाळ्यात जोराची सर आली की उघड्यावरच्या राईड थांबतात, हेही ध्यानात असू द्यावे.

आणि मुलांची उंची घरीच मोजून घ्या. मोठ्या राईडला उंचीची अट असते. पैसे भरून रडते पोर सांभाळत बाहेर उभे राहणे हा तोट्याचाच सौदा.